काडी कुठे लावायची, कुठे नाही: गावातल्या शाळेसाठी अणुबंधांच्या प्रतिकृती

वणी तालुक्यातील आमच्या माध्यमिक शाळेत पोळ्यानंतर एक काम हाती घेतले. अणू एकमेकांशी कसे बांधले जातात आणि त्या बांधणीतून मीठ, साखर, कापूस, कोळसा, चुनखडी असे निरनिराळे पदार्थ कसे घडतात, हे मुलांना हातात धरून पाहता यावे असा संच तयार करायचा होता. बाजारात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या संचात अणूंसाठी गोळे आणि बंधांसाठी काड्या असतात, पण गोळे मोजकेच येतात. त्यांतून पाण्याचा किंवा मिथेनचा रेणू जुळवता येतो, पण मिठाचा स्फटिक किंवा कापसाचा तंतू जुळत नाही. आणि मुलांच्या नित्य पाहण्यातले बहुतेक घन पदार्थ तर अशाच लांबवर पसरलेल्या बांधणीचे असतात. या नोंदी हेच काम करू पाहणाऱ्या शिक्षकांसाठी ठेवल्या असल्याने त्यांत मापे, खर्च आणि फसलेल्या गोष्टी जास्त सापडतील. पाठ्यपुस्तकात असलेले विवेचन येथे पुन्हा दिलेले नाही.

९ सप्टेंबर

ऑगस्टमध्ये मुलांनी रद्दी भिजवून, तिच्या लगद्यात पांढरी माती मिसळून जे गोळे वळले होते, ते आज पूर्ण वाळले. दिसायला बरे असले तरी ते या कामाला निरुपयोगी ठरले. ओले असतानाच खिळ्याने भोके पाडली होती. गोळा वाळताना सर्व बाजूंनी सारखा आकसत नाही, त्यामुळे भोकांची दिशा फिरली. एकेका गोळ्याकडे पाहून हा दोष लक्षात येत नाही. हिऱ्यामध्ये कार्बनच्या सहा अणूंची कडी असतात, तसे एक कडे जुळवायला घेतले तेव्हा पाच काड्या नीट बसल्या आणि सहावी काडी समोरच्या भोकापासून दोन बोटे दूर राहिली. प्रत्येक भोकातला तीन-चार अंशांचा फरक साठत साठत शेवटच्या जोडावर येऊन पडतो.

सहाचे कडे जोर न लावता बंद होणे ही यापुढे प्रत्येक गोळ्याची परीक्षा ठरवली. ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी दहा-बारा गोळे तयार होताच ही परीक्षा घ्यावी. सगळे गोळे तयार झाल्यावर ती घेण्यात अर्थ नाही. आमचा लगद्यातला सारा वेळ त्यापायीच वाया गेला.

१५ सप्टेंबर

तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदी करणारे सुतार सण आटोपला की थोडे मोकळे असतात, म्हणून खरादावर गोळे उतरवून देण्याविषयी त्यांच्याशी बोलणे केले. आरा मशीनवर पडलेले सागाचे तुकडे स्वस्तात मिळाले. आम्हाला घाई होती, पण सुतारदादांनी ओले तुकडे बाजूला काढले आणि स्पष्ट सांगितले, “गुरुजी, लाकूड वायलं नसन त गोया गोल राहत नाही.” पडताळा म्हणून त्यांनी एक ओला तुकडा उतरवून दिला. आठवड्याने तो कॅलिपरने मोजला, तेव्हा रेषांना आडवा तो एक मिलिमीटरहून अधिक आकसला होता आणि रेषांच्या दिशेने जवळजवळ होता तसाच होता. लाकडातले सेल्युलोजचे लांब रेणू खोडाच्या उभ्या दिशेने मांडलेले असतात आणि पाणी त्यांच्या मधल्या जागेत शिरते वा तिथून निघते. त्यामुळे लाकूड रुंदीत आकसते, लांबीत सहसा आकसत नाही. हा तुकडा आता संचातच ठेवला आहे, कारण पुढे सेल्युलोजचा विषय येणारच आहे.

मापे अशी ठरली. कार्बन आणि ऑक्सिजन ३२ मिमी व्यासाचे, हायड्रोजन २० मिमीचे. संचातला सर्वांत मोठा खर्च हाच: गोळ्यामागे आठ रुपये मजुरी आणि गोळे साधारण तीनशे.

२९ सप्टेंबर

भोके कुठे पाडायची हे आखण्यात बराच वेळ गेला. कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंच्या आकृतीच्या, चार कोपऱ्यांकडे रोखलेले असतात, ही कल्पना व्हान्ट हॉफ यांनी १८७४ मध्ये मांडली, आणि त्यांतील कोणत्याही दोन बंधांमधला कोन १०९.५ अंश असतो. गोळ्यावर कोनमापक टेकत नाही. कागदाची पट्टी गुंडाळून खुणा करण्याची रीत करून पाहिली. ती पट्टी सरकते. शेवटी भूमितीचा आधार घेतला. गोळ्याच्या पृष्ठभागावरील अशा दोन बिंदूंमधले सरळ अंतर व्यासाच्या ०.८१६ पट असते, म्हणजे ३२ मिमीच्या गोळ्यावर २६.१ मिमी. कंपास तेवढा उघडून गोळ्यावर कुठेही टोक ठेवावे व वर्तुळ काढावे, त्या वर्तुळावर एक बिंदू घ्यावा आणि त्याच उघडीने त्या बिंदूपासून वर्तुळाला दोन्हीकडे छेद द्यावे. चारही जागा मिळतात. नववीच्या मुलांनी दुपारभरात ढीगभर गोळे आखून दिले.

पाण्याच्या रेणूत दोन हायड्रोजनांमधला कोन १०४.५ अंश असतो. त्यासाठी कंपास २५.३ मिमी उघडावा लागला असता, म्हणजे फरक एका मिलिमीटरपेक्षाही कमी. आमच्या हातच्या कामात एवढा फरक टिकणार नाही, म्हणून ऑक्सिजनलाही कार्बनसारखीच चार भोके पाडायची असे ठरले. दोन भोके हायड्रोजनसाठी आणि दोन रिकामी. त्या रिकाम्या भोकांचा बर्फाच्या वेळी उपयोग होतो.

हातातल्या ड्रिलने भोक गोळ्याच्या केंद्राकडे सरळ जात नाही. वेल्डिंगच्या दुकानात उभे ड्रिल होते. तिथे लाकडी ठोकळ्यात खळगा करून त्यात गोळा बसवला आणि ४ मिमीचे, ८ मिमी खोल भोक पाडून घेतले. या गोळ्यांचे सहाचे कडे पहिल्याच वेळी बंद झाले.

६ ऑक्टोबर

काड्या बांबूच्या. बुरडांकडून कामट्या आणल्या आणि लोहाराकडून लोखंडी पट्टीला ४ मिमीचे भोक पाडून घेऊन त्यातून त्या ठोकून काढल्या. काडी गोल व एकसारख्या जाडीची निघते. लांबी मात्र अंदाजाने ठरवून चालत नाही. हिऱ्यात कार्बन ते कार्बन अंतर ०.१५४ नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) आणि ग्राफाइटच्या थरात ०.१४२ नॅनोमीटर असते. ०.१ नॅनोमीटरला ४ सेमी हे प्रमाण धरले, म्हणजे खऱ्यापेक्षा ४० कोटी पट मोठे. त्या हिशेबाने हिऱ्यासाठी काडी ४६ मिमी आणि ग्राफाइटसाठी ४१ मिमी येते. गोळ्यांत शिरणारा भाग यात धरलेला आहे.

पाऊस अजून पूर्ण उघडलेला नाही. दमट हवेत काड्या फुगून भोकात घट्ट बसल्या आणि काढताना मोडल्या. ज्यांना घाई नाही त्यांनी काड्या पाऊस संपल्यावर कराव्यात.

१३ ऑक्टोबर

रंगांची प्रथा जुनी आहे. ऑगस्ट हॉफमान यांनी १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील व्याख्यानात क्रोकेच्या खेळातले लाकडी चेंडू रंगवून रेणू दाखवले होते. कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन लाल आणि क्लोरीन हिरवा हे रंग तेव्हापासूनचे आहेत. त्यांचे रेणू सपाट होते. चतुष्फलकाची कल्पना अजून यायची होती.

तयार रंगाऐवजी रंगाची पूड जवसाच्या तेलात खलून लावली, कारण ते तेल स्वतःच या विषयाचा एक धडा आहे. जवसाच्या तेलातील बहुतेक मेदाम्लांच्या साखळ्यांत दुहेरी बंध असतात. हवेतला ऑक्सिजन त्या जागी येऊन शेजारच्या रेणूंना एकमेकांशी जोडत जातो आणि काही दिवसांत वाहते तेल घट्ट पापुद्र्यात बदलते. पाण्यासारखे ते उडून जाऊन वाळत नाही. उलट ऑक्सिजन घेतल्याने वजन किंचित वाढते. शेजारी काचेवर शेंगदाण्याचे तेल पसरून ठेवले. त्यात असे दुहेरी बंध कमी असल्याने ते ओलेच राहिले. घाण्याचे कच्चे तेल वापरल्यामुळे रंग वाळायला मात्र आम्ही धरलेल्या वेळेच्या कितीतरी पट वेळ लागला, आणि दमट हवेने त्यात भर घातली.

एक इशारा येथेच नोंदवतो. जवसाचे तेल लागलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. ऑक्सिजनशी बंध जुळताना उष्णता बाहेर पडते, ती बोळ्यात कोंडली की चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. आम्ही प्रत्येक चिंधी पाण्यात बुडवून मग उन्हात पसरून वाळवली.

२० ऑक्टोबर

आज साऱ्या कामाची दिशा बदलली. मिठाची प्रतिकृतीही इतरांसारखीच गोळे आणि काड्यांनी केली होती: प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन, प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम, आणि मध्ये काड्या. बहुतेक शाळांच्या कपाटात ती अशीच असते. नववीतल्या एका मुलीने ती हातात घेतली, एका सोडियमच्या काड्या बोटाने मोजल्या आणि विचारले, “सर, सोडियमची संयुजा एक आहे ना? मग त्याला सहा काड्या कशा?”

तिचा प्रश्न रास्त होता. संयुजा म्हणजे एक अणू किती बंध करतो ती संख्या. गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ मध्ये मांडलेल्या कल्पनेप्रमाणे सहसंयुज बंध म्हणजे दोन अणूंमध्ये सामायिक असलेली इलेक्ट्रॉनांची जोडी. आमच्या संचात काडी त्या जोडीची खूण होती. मिठात अशी जोडीच नसते. सोडियम एक इलेक्ट्रॉन गमावून धन आयन, म्हणजे धन प्रभार असलेला अणू होतो, क्लोरीन तो घेऊन ऋण आयन होतो, आणि हे विरुद्ध प्रभार एकमेकांना सर्व दिशांनी ओढून धरतात. शेजारी सहा असतात ते जागेच्या सोयीने, संयुजेच्या हिशेबाने नव्हे. मिठाच्या खड्यात सोडियम क्लोराइडचा वेगळा असा रेणू कुठेच काढून दाखवता येत नाही. विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१३ मध्ये क्ष-किरणांच्या आधारे ही मांडणी उलगडून दाखवली, तरीही हेन्री आर्मस्ट्राँग यांच्यासारख्या ज्येष्ठ रसायनशास्त्रज्ञाने १९२७ मध्ये ‘नेचर’मध्ये तिच्यावर सडकून टीका केली होती, कारण मिठात रेणू नाही ही गोष्ट त्यांना पटतच नव्हती. जिथे असे विद्वान अडले, तिथे काड्या लावलेली प्रतिकृती नववीच्या मुलांची दिशाभूल करणारच.

त्यामुळे एक नियम ठरवला आणि तो संचाच्या पेटीवर लिहिला: काडी म्हणजे सामायिक इलेक्ट्रॉनांची जोडी आणि दुसरे काहीही नाही. जिथे अशी जोडी नाही तिथे काडी लावायची नाही, मग प्रतिकृती उभी करणे कितीही अवघड होवो. मिठाची जुनी प्रतिकृती उसवली.

२ नोव्हेंबर

दिवाळीच्या सुटीत मीठ नव्याने केले. सोडियम आयनाची त्रिज्या ०.१०२ नॅनोमीटर आणि क्लोराइड आयनाची ०.१८१ नॅनोमीटर धरली. पहिल्या प्रमाणात हे गोळे नारळाएवढे झाले असते, म्हणून येथे ०.१ नॅनोमीटरला १ सेमी असे प्रमाण घेतले: सोडियम २० मिमी, क्लोराइड ३६ मिमी, दोघे एकमेकांना टेकलेले आणि मध्ये फक्त फेविकॉल. सोडियमसाठी हायड्रोजनचेच उरलेले गोळे जांभळ्या रंगात रंगवून वापरता आले.

चिकटवताना पहिला थर वेडावाकडा झाला, कारण टेबलावर ठेवल्यावर लहान गोळे खाली बसतात आणि केंद्रे एका पातळीत राहत नाहीत. सोडियमखाली ८ मिमी जाडीच्या प्लायवुडचे तुकडे ठेवले आणि २८ मिमीचे चौकोन आखलेला कागद खाली अंथरला, तेव्हा थर सरळ आला. सुरुवातीला तीन-तीनचा घन योजला होता. त्यात एका जातीचे १४ आणि दुसरीचे १३ गोळे येतात. मोजणारे मूल त्यावरून मिठाचे सूत्रच चुकीचे काढील. चार-चारचा घन केला म्हणजे ३२ सोडियम आणि ३२ क्लोराइड असा हिशेब बरोबर बसतो.

१७ नोव्हेंबर

कार्बनचे दोन अवतार पूर्ण झाले. हिऱ्याची प्रतिकृती सर्व बाजूंनी काड्यांची आहे आणि ती हाताने दाबली तरी दबत नाही. या संचातली सर्वांत समाधान देणारी वस्तू हीच. ग्राफाइटसाठी तीन भोके एकाच वर्तुळावर १२० अंशांनी हवी असतात, त्यासाठी कंपासची उघडी व्यासाच्या ०.८६६ पट, म्हणजे २७.७ मिमी. प्रत्येक थरात २४ कार्बन घेतले.

अडचण थर एकमेकांवर ठेवण्याची होती. दोन थरांतले अंतर ०.३३५ नॅनोमीटर, म्हणजे प्रतिकृतीत १३.४ सेमी, आणि त्यांच्यामध्ये सामायिक जोडी नसते. असते ते क्षीण आकर्षण. नियमाप्रमाणे तिथे काडी लावता येत नव्हती. लाकडी चौकट करून दोन्ही थर नायलॉनच्या दोऱ्याने तिच्या वरच्या पट्टीला टांगले. बोटाने हलके ढकलले की खालचा थर वरच्या थराखालून सरकतो. पेन्सिलीने कागदावर रेघ उमटते ती थर असे सुटे होतात म्हणूनच, आणि काड्या लावलेल्या प्रतिकृतीत हे मुळीच दिसले नसते.

शेजारी वणीच्या खाणीतल्या कोळशाचा ढेकळा ठेवला आहे. तोही मुख्यतः कार्बनचाच, पण त्यात ना हिऱ्याची चौकट आहे ना ग्राफाइटचे सलग थर. लहान लहान कडी, त्यांना चिकटलेला हायड्रोजन, ऑक्सिजन, थोडे गंधक, असे सारे अव्यवस्थित जोडलेले असते. त्याची प्रतिकृती करण्याचा खटाटोप केला नाही.

२४ नोव्हेंबर

विद्युतवाहकता तपासण्याची पाटी केली: ९ व्होल्टची बॅटरी, ४७० ओहमचा रोधक, लाल एलईडी आणि जुन्या साध्या सेलमधून काढलेल्या कार्बनच्या दोन कांड्या. अल्कलाइन सेल फोडू नयेत, त्यातला द्रव कातडीला इजा करतो. तांब्याच्या तारेने दिवा लख्ख पेटला, सेलमधल्या ग्राफाइटच्या कांडीनेही पेटला, कोरड्या कोळशाने पेटला नाही. कोरडे मीठ, कोरडी साखर, दोन्हींवर दिवा बंद.

पुढे मात्र प्रयोग फसला. साखरेच्या पाण्यात दिवा मंद लागला. साखरेचे रेणू पाण्यात अखंड विरघळतात, त्यांचे आयन होत नाहीत, म्हणून दिवा लागायला नको होता. साखर बदलून पाहिली, भांडे बदलून पाहिले. अखेर नुसते बोअरचे पाणी तपासले आणि त्यातही तेवढाच दिवा लागला. आमच्याकडचे पाणी चुनखडीतून येते, त्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेटचे आयन मुळातच असतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी दुकानातून आणले, तेव्हा नुसते पाणी बंद, साखरेचे पाणी बंद, आणि चिमूटभर मीठ पडताच दिवा लख्ख, असे अपेक्षित उत्तर मिळाले. आता फसलेला प्रयोग वगळायचा नाही असे ठरवले आहे. आधी बोअरचे पाणी, मग शुद्ध पाणी, हाच क्रम ठेवला की मुले स्वतःच गावच्या पाण्यातल्या आयनांपर्यंत पोहोचतात.

मिठाच्या पाण्यात कांड्या फार वेळ ठेवू नयेत, क्लोरीन वायू सुटू लागतो. काही सेकंद पुरेत, तेही उघड्या खिडकीजवळ.

८ डिसेंबर

सैंधवाचा मोठा खडा आणि लोखंड यांची तुलना लोहाराच्या भात्यावर केली. सैंधवाच्या खड्यावर सुरीचे पाते सपाट बाजूला समांतर ठेवून हातोडीने एकच टोला दिला की खडा चिरतो आणि नवी बाजू आरशासारखी सपाट निघते. काटकोन सोडून पाते ठेवले तर नुसता चुरा होतो. टोल्याने एक थर जरासा सरकला की धनासमोर धन आणि ऋणासमोर ऋण येतो आणि दोन्ही भाग एकमेकांना लोटतात. तापलेला नांगराचा फाळ मात्र ठोकावा तसा पसरतो, कारण धातूतले इलेक्ट्रॉन एखाद्या जोडीला बांधलेले नसतात. अणूंचे थर सरकले तरी ते त्यांना धरूनच ठेवतात.

वितळलेले मीठ वीज वाहून नेते हेही दाखवायचे होते. मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळते. चुलीवर ते होत नाही, लोहाराच्या भट्टीत होते. मातीच्या पणतीला तडा गेला आणि मीठ निखाऱ्यात गेले. लोखंडी पळीत ते आधी तडतडून उडाले, मग पाण्यासारखे पातळ झाले आणि दिवाही लागला. परंतु पळी स्वतःच वाहक असल्याने तो दिवा मिठामुळे लागला असे म्हणता येत नाही. ते निरीक्षण बाद धरले. उडणारे तापलेले मीठ पाहता हा प्रयोग शाळांनी करू नये असे माझे मत आहे.

२९ डिसेंबर

कापसाची वेचणी चालू आहे आणि ज्वारी घरात आली आहे, म्हणून ज्या प्रतिकृतीसाठी मुख्यतः हा सारा खटाटोप होता ती आता घेतली. ज्वारीचे स्टार्च आणि कापसाचे सेल्युलोज हे दोन्ही ग्लुकोजच्याच घटकांचे बनलेले आहेत. अणू तेच, त्यांचे प्रमाण तेच, घटकांमधली काडीही कार्बन आणि ऑक्सिजनमधलीच. फरक आहे तो प्रत्येक घटकातल्या पहिल्या कार्बनवर. त्याच्या चार भोकांपैकी दोन कड्यात गुंतलेली असतात आणि उरलेल्या दोन भोकांपैकी एकात पुढच्या घटकाला जोडणारा ऑक्सिजन, दुसऱ्यात हायड्रोजन असतो. या दोघांची अदलाबदल केली की स्टार्चचे सेल्युलोज होते.

मुलांनी ती अदलाबदल स्वतःच्या हाताने केली. एका मांडणीत साखळी वळत जाते. स्टार्चमधील अमायलोजची साखळी सुमारे सहा घटकांत एक वेढा पुरा करते. दुसऱ्या मांडणीत प्रत्येक पुढचा घटक उलटा बसतो आणि साखळी सरळ जाते. तिच्यात दोन घटकांची लांबी १.०३ नॅनोमीटर, म्हणजे आमच्या टेबलावर ४१ सेमी. सरळ साखळ्या शेजारी शेजारी ठेवल्या की एकीचे हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजन) गट दुसरीच्या ऑक्सिजनसमोर येतात आणि हायड्रोजन बंध जुळतात. तो बंध सामायिक जोडीचा नसल्याने तिथे काडी न लावता सुती दोरा बांधला. एकेक दोरा क्षीण आहे, साधारण ऑक्सिजन-हायड्रोजन काडीच्या विसाव्या हिश्शाइतका; परंतु कापसाच्या एका साखळीत ग्लुकोजचे हजारो घटक असतात आणि त्या सर्वांवर असे दोरे असतात. म्हणूनच कापूस पाण्यात विरघळत नाही. माणसाच्या पोटातही तो पचत नाही. आपल्या लाळेतले विकर स्टार्चची काडी तोडते, सेल्युलोजची तोडू शकत नाही. बैलाचेही स्वतःचे विकर ती तोडत नाही. त्याच्या पोटातले सूक्ष्मजीव तोडतात, म्हणून तो कडब्यावर जगतो. गोळे वाचवण्यासाठी कार्बनला चिकटलेले हायड्रोजन वगळले, पहिल्या कार्बनवरचे मात्र ठेवले.

सोबत आयोडीनची परीक्षा ठेवली. औषधाच्या दुकानातले पोव्हिडोन आयोडीन पातळ करून ज्वारीच्या पिठावर टाकले की निळा-काळा रंग येतो. वेढ्यांच्या पोकळीत आयोडीन शिरून बसते. कापसावर तो येऊ नये. मांजरपाटाच्या नव्या तुकड्यावर मात्र निळे डाग उठले आणि सगळा वर्ग बुचकळ्यात पडला. कापड विणण्याआधी सुताला खळ लावतात, आणि खळ म्हणजे स्टार्चच. तुकडा गरम पाण्यात नीट धुतल्यावर डाग आले नाहीत. मग शेतातला कापूस सरकी काढून घेतला तर तो भिजेचना. त्यावर नैसर्गिक मेण असते. धुण्याच्या सोड्यात अर्धा तास उकळून धुतला, तेव्हा तो पाण्यात बुडाला आणि आयोडीनने फक्त पिवळसर झाला. वेळ कमी असेल तर औषधाच्या दुकानातला कापूस घ्यावा, तो आधीच असा धुतलेला असतो. पण तेवढी सवड असेल तर शेतातलाच घ्यावा, कारण मुले वेचून आणतात ते हेच आहे हे त्यांना कळायला हवे.

१२ जानेवारी

राजूरकडची चुनखडी आणि भट्टीतला कळीचा चुना आणला. चुनखडीत दोन्ही प्रकारचे बंध एकत्र असतात: कार्बोनेटमधला कार्बन आणि तीन ऑक्सिजन काड्यांनी बांधलेले, आणि तो सबंध गट कॅल्शियम आयनाशी बिनकाडीचा. त्यामुळे प्रतिकृतीही मिश्र केली. भट्टीत सुमारे ९०० अंशांवर कार्बोनेट मोडून कार्बन डायऑक्साइड निघून जातो. कळीच्या चुन्यावर पाणी टाकल्यावर तो उकळतो तेव्हा मुलांना दोन हात दूर ठेवावे आणि सर्वांच्या डोळ्यांवर चष्मे असावेत. चुन्याचा शिंतोडा डोळ्याला कायमची इजा करू शकतो.

१९ जानेवारी

शेवटचे काम बर्फाचे. बर्फात प्रत्येक ऑक्सिजनभोवती चार ऑक्सिजन असतात, म्हणून रिकामी ठेवलेली दोन भोके येथे उपयोगी पडली. हायड्रोजन बंधाचा सुती दोरा ढिला पडून सारी रचना कोसळत होती. दोरा फेविकॉलमध्ये बुडवून, ताणून वाळवला की ताठ राहतो, तरीही लाकडी गोळ्यांचे वजन त्याला पेलत नाही. अखेर सहा रेणूंचे एकच कडे करून ते ट्रेमध्ये आडवे ठेवले आहे. कड्याच्या मधली रिकामी जागा त्यातही नीट दिसते. याच रिकाम्या जागेमुळे पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि बर्फ तरंगतो.

एकूण खर्च चार हजारांच्या आसपास झाला. निम्म्याहून अधिक रक्कम सुतारकामाची, त्याखालोखाल वेल्डिंगच्या दुकानातल्या ड्रिलिंगची. ज्यांना वेगळ्या मापाचे गोळे मिळतील त्यांनी कंपासची उघडी अशी धरावी: कार्बनच्या चार भोकांसाठी व्यास गुणिले ०.८१६, ग्राफाइटच्या तीन भोकांसाठी व्यास गुणिले ०.८६६. मिठासाठी भोके पाडूच नयेत. संच पेटीत ठेवताना काड्या गोळ्यांतून काढून वेगळ्या डब्यात ठेवाव्यात आणि पावसाळ्यात त्या डब्यात भाजलेल्या मिठाची पुरचुंडी टाकावी, म्हणजे काड्या कमी फुगतात.